पंचामृतात बुडवलेलं नाणं

आमच्या सोसायटीत मला चिल्लरकाकू म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण डोंबिवलीत पाठीमागे बोललेलं पुढे यायला फार वेळ लागत नाही. मला त्याचा राग नाही. कुणाची सून सिंगापूरहून आली, कुणाचा जावई दुबईहून आला, की बाकीच्या बायका चॉकलेटं आणि अत्तराच्या बाटल्या बघायला जातात. मी जाते आणि त्यांच्या पर्सच्या तळाशी काय उरलंय ते विचारते. एवढं केल्यावर लोकांनी मला दुसरं काय म्हणावं?

ठाण्यातल्या एका बँकेत मी एकतीस वर्षं कॅशियर होते. देवळाची पेटी, रिक्षावाल्यांची पुरचुंडी, भाजीवाल्यांच्या पिशव्या, सगळी चिल्लर माझ्या खिडकीवर यायची आणि तिच्यात हमखास एखादं परकं नाणं निघायचं. ते जमा करून घेता यायचं नाही. परत दिलं तर गिऱ्हाईक हात झटकायचं, ठेवा हो मॅडम तुमच्याकडेच. मी कॉफीच्या रिकाम्या बाटलीत ती टाकत गेले. एका दुपारी खिडकीवर कुणी नव्हतं म्हणून एका नाण्यावरचा देश नकाशात शोधायला बसले, तर देशच सापडेना. युगोस्लाव्हिया. देश मोडून माणसं आपापल्या वाटेला लागली होती आणि त्यांचं नाणं ठाण्यात माझ्या बाटलीत येऊन पडलं होतं. त्या दिवशी मला हा रोग लागला आणि मग तो कधी बरा झाला नाही.

नाणी जमवणारी माणसं दिसायला फार सभ्य असतात. प्रदर्शनात हात मागे बांधून फिरतात, हळू बोलतात, भिंग खिशातून असं काढतात की जणू डॉक्टर आलेत. पण जात एक नंबरची लबाड. हवं असलेलं नाणं टेबलावर दिसलं की आम्ही त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, शेजारचं उचलतो, नाक मुरडतो आणि जाता जाता सहज विचारल्यासारखं त्याचा भाव विचारतो. मीही हेच करते. दुसऱ्याने केलं तर मात्र मला तो माणूस हलकट वाटतो. आमचे नियमही सोवळ्याहून कडक असतात. नाणं धुवायचं नाही, घासायचं नाही, बोटाने मधोमध धरायचं नाही, आणि शक्यतो त्याच्यावर शिंकायचं नाही.

नवरा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला होता. (समोर मी त्याला अहो म्हणते; लिहिताना तो. इतक्या वर्षांनी एवढी मुभा असावी.) ज्या नाण्याने वडापाव येत नाही ते नाणं नव्हे, असं त्याचं साधं मत. माझ्याबरोबर प्रदर्शनाला यायचा आणि बाहेर खुर्चीवर बसून पेपर वाचायचा. पण रिटायर झाल्यावर हात शिवशिवायला लागले तेव्हा त्याने माझ्यासाठी सागवानी ट्रे केले. प्रत्येक नाणं व्हर्निअरने मोजून त्याच्या मापाचा खळगा पाडला, आत निळी मखमल चिकटवली. दर रविवारी ट्रे काढून मऊ ब्रशने धूळ झटकायचं कामही त्याने आपणहून घेतलं. तोंडाने मात्र चालूच, काय हे भंगार, मी मेल्यावर किलोवर विकशील का.

या भंगारात माझा जीव होता तो एका तुकड्यावर. कथलाचं, करड्या रंगाचं, कडा खाल्लेलं नाणं. पोर्तुगीज वसईला होते तेव्हा तिथे पाडलेलं. एका बाजूला क्रूस, दुसऱ्या बाजूला मुकुट आणि ढाल, तीही तिरक्या उजेडात धरलं तरच दिसणार. नवरा त्याला वायसर म्हणायचा. कारखान्यात नटाखाली घालतात तसला वायसर. दिसायला खरंच तसंच होतं, याचाच मला जास्त राग यायचा.

ते मला ठाण्याच्या खाडीकडच्या एका जुन्या गावठाणातल्या ख्रिस्ती म्हाताऱ्याकडून मिळालं. दोन टॉवरच्या मध्ये त्याचं चतकोर शेत उरलं होतं, त्यात तो मुळा आणि लाल माठ लावायचा. खणताना ते त्याला सापडलं होतं. पेन्शनसाठी बँकेत आला असताना त्याने ते सहज दाखवलं आणि माझी झोप उडाली. चार वर्षं मी त्याच्या मागे लागले. नाताळला केक घेऊन गेले, पावसाळ्यात मुळा विकत घ्यायला गेले, मुळा मला आवडत नाही. पैसे म्हटलं की तो मान हलवायचा. म्हणायचा, हे शेताचं आहे, शेतातच राहील. शेवटी त्याच्या पोरांनी शेत बिल्डरला दिलं. तेव्हा तो बँकेत आला आणि रुमालाची गाठ सोडून नाणं माझ्या खिडकीतून आत सरकवलं. "शेत गेलं, बाय," म्हणाला, "आता याला तू सांभाळ." पैसे घेतले नाहीत. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, मग बाहेर येऊन उरलेली कॅश मोजली.

गेल्या वर्षी माझ्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठाण्यातच झालं. सहा तास मी आत होते, मला काही कळलं नाही, कळलं ते बाहेर बसलेल्या नवऱ्याला. गाठ तपासायला पाठवली, रिपोर्ट चांगला आला. आता दर सहा महिन्यांनी तपासणी, एवढंच. घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी नवऱ्याने जाहीर केलं की सत्यनारायण घालायचा. देवाचं आणि माझं बोलणं नाही, तसं भांडणही नाही. मी म्हटलं, घाला, शिरा तेवढा चांगला होऊ दे.

मला जमिनीवर बसायची बंदी होती. एरवी पूजेला जोडप्याने बसावं लागतं, आणि बायको नसेल तर नवऱ्याने तिच्या जागी कमरेला सुपारी खोचायची. गुरुजींनी ती सोय केली. मी आतल्या खोलीत पलंगावर जिवंत पडलेली आणि बाहेर माझ्या वतीने सुपारी बसलेली. दारातून बघितलं तर नवऱ्याच्या कद नेसलेल्या पोटापाशी ती दिसत होती. माझ्यापेक्षा बरीच शांत होती, त्यामुळे पूजा वेळेत झाली.

आमचे गुरुजी दिव्याला, दिवा स्टेशनजवळ राहतात. पन्नाशीचे, कोकणातले, आवाज खणखणीत. डोंबिवलीत दिवसाला तीन-तीन सत्यनारायण करतात, म्हणून मंत्र जरा फास्ट असतात. आतून मला सगळं ऐकू येत होतं. गुरुजींनी विड्यांवर ठेवायला नाणी मागितली. मग हॉलमधल्या माझ्या कपाटाचं दार करकरलं. मला वाटलं, नवरा समई काढतोय, कारण समईही त्याच कपाटात असते. गोळीची गुंगी होती, मी डोळे मिटले. साधुवाण्याची नौका बुडाली की तरली, तेही मला कळलं नाही.

संध्याकाळी उठले, भिंतीला धरत हॉलमध्ये गेले आणि सवयीने ट्रे ओढला. सात खळगे रिकामे. सहा किरकोळ होते, थायलंड, नेपाळ, दुबई, माझ्याकडे दोन-दोन असलेले. सातवा वसईचा. नवऱ्याला विचारलं तर तो टीव्हीकडे बघत म्हणाला की सुट्टे कमी पडले, हाताला लागली ती दिली. गुरुजी सगळं फडक्यात बांधून घेऊन गेले.

त्यानंतर मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. वायसर आणि नाणं यातला फरक जन्मभर कळला नाही, इथपासून सुरुवात केली. तुमच्या आईनेसुद्धा माझ्या वस्तू अशाच वाटल्या होत्या, इथवर गेले; आई जाऊन वीस वर्षं झाली होती. आणि शेवटी म्हणाले, "त्यापेक्षा मी ऑपरेशनच्या टेबलावरच गेले असते तर बरं झालं असतं, हे बघायला तरी लागलं नसतं." नवऱ्याने टीव्ही बंद केला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता म्हणेल, जातो आत्ता दिव्याला आणि आणतो. तो एवढंच म्हणाला, "जाऊ दे गं. गेलं ते गेलं." आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

जाऊ दे? चार वर्षांचा मुळा मी खाल्ला होता.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना फोन केला. नाण्यांचं नाव काढताच त्यांचा आवाज आणखी खणखणीत झाला. "वहिनी, माणसाशी करावी, देवाशी लबाडी करू नये," म्हणाले आणि फोन ठेवला. मी चक्रावले. नाणी माझी गेली आणि लबाडही मीच? परत लावला तर उचलला नाही. नवऱ्याशी मी बोलणं टाकलं. पोळी झाली आहे, औषध आणा, दूधवाला आला, एवढंच. तो मुकाट्याने सगळं करायचा, अर्धी पोळी खायचा आणि उठायचा. मी मनात म्हणायचे, बरोबर आहे, गुन्हेगाराला भूक लागत नाही.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी बाहेर पडायची परवानगी दिली. देवळात जाऊन येते असं सांगून मी थेट दिव्याला गेले. गुरुजींची बिल्डिंग नवी होती तरी जुनी दिसत होती. लिफ्ट कागदावर, चार मजले चढायचे. प्रत्येक जिन्यावर पाण्याचे निळे पिंप, कारण टँकर आला तर पाणी. मी पोटाच्या टाक्यांवर हात ठेवून, प्रत्येक मजल्यावर एकेका पिंपाला टेकत वर गेले. गुरुजी बनियनवर होते. मला बघून आधी चिडले, मग माझा रंग बघून त्यांनी घाईने खुर्ची दिली. त्यांच्या मंडळी खाली पाण्याच्या रांगेत होत्या. गुरुजींनी पिंपातलं अर्धा तांब्या पाणी दिलं. तेवढं पाणी त्या घरात म्हणजे पाहुणचारच होता.

मी नाणी मागितली. गुरुजींनी कपाटावरून लोणच्याची एक मोठी बरणी खाली घेतली, जमिनीवर पेपर पसरला आणि बरणी उपडी केली.

बरणीतून जग बाहेर पडलं. दिरहम, सेंट, येन, भोकाची नाणी, अष्टकोनी नाणी, बंद झालेली आपली पंचवीस पैशांची, मॉलमधल्या खेळांची टोकनं, दोन बटणं आणि सोनेरी कागदातलं एक चपटलेलं चॉकलेट. गुरुजी म्हणाले, ही पंचवीस वर्षांची कमाई. लोक शिऱ्यात काजू मूठ-मूठ घालतात, केळीचे खांब लावतात, फोटो काढतात, आणि विड्यावर ठेवायची वेळ आली की जे रिक्षावाला घेत नाही ते देवासमोर ठेवतात. देवाला काय कळतंय, आणि गुरुजी काय बोलणार. पोरगा अमेरिकेत, बंगला घोडबंदरला, आणि देवाला चॉकलेट. एकेक नाणं उचलून ते सांगत होते, कुठल्या घरातलं. चिडचिड पाठ होती. आणि त्यातच माझी सहा नाणी होती. त्यांच्या हिशेबी आम्ही त्या यादीतले सगळ्यात नवे.

मला खरं तर वाईट वाटायला हवं होतं. पण माझी मेलीची नजर पेपरवर. मी म्हटलं, गुरुजी, हे बघा, हे पूर्व जर्मनीचं आहे, तो देश आता नाही. हे ॲल्युमिनियमचं आहे म्हणून इतकं हलकं. हे भोकाचं डेन्मार्कचं, आणि हे चौकोनी मलायाचं, इंग्रजांच्या राजवटीतलं, हे कुणी दिलं हो? दहा मिनिटांत मी खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसले होते, डॉक्टरांची बंदी विसरून, आणि देशवार ढीग लावत होते. गुरुजी आधी हाताची घडी घालून बघत होते. मग तेही मांडी घालून बसले. चष्मा लावून एकेक नाणं पुढे करायला लागले, हे कुठलं, आणि हे? पंचवीस वर्षं ज्यांना अपमान म्हणून साठवलं ती नाणी कुठून कुठून आलीत हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. म्हणाले, म्हणजे देवाला पासपोर्टशिवाय सगळीकडची दक्षिणा मिळाली म्हणायची. मग स्वतःच हसले.

माझी सहाच्या सहा सापडली. सातवं नव्हतं. मी सगळा ढीग पुन्हा एकदा बोटांनी पसरला, पेपर झटकला, बरणीत हात घातला. गुरुजी बघत होते. म्हणाले, "वसईचं शोधताय ना? ते या बरणीतलं नाही. ते लबाडीचं नाही, वहिनी. ते नवसाचं आहे."

त्यांनी देवघराकडे बोट केलं. तिथे पितळेच्या वाटीत माझं नाणं ठेवलेलं. हळदीकुंकवासकट.

मग त्यांनी सांगितलं. पूजा मांडत असतानाच नवऱ्याने ते वेगळं त्यांच्या हातात ठेवलं होतं. गुरुजींनी विचारलं, हे काय, वायसर? नवरा म्हणाला, नाही, वसईचं जुनं नाणं आहे, घरात याच्याहून मोलाचं काही नाही. माझं ऑपरेशन चालू होतं तेव्हा तो बाहेरच्या बाकावर बसून नवस बोलला होता की ती बाहेर आली तर हे तुझ्या पायाशी ठेवीन. म्हणून गुरुजींनी ते बाळकृष्णाशेजारी ठेवलं, आणि अभिषेकाच्या वेळी पंचामृतात त्यालाही आंघोळ घातली. दूध, दही, तूप, मध, साखर. कथलाच्या नाण्याला.

पण गुरुजींचा राग सहा नाण्यांवर होता. एका हाताने असा नवस फेडायचा आणि दुसऱ्या हाताने विड्यांवर थायलंडची चिल्लर ठेवायची, हे त्यांना उमजत नव्हतं. मला उमजलं. टूलरूमच्या माणसाला मी ओळखते. एकच खळगा रिकामा दिसला असता तर मी पाच मिनिटांत त्याच्याकडून कबूल करून घेतलं असतं. सात रिकामे दिसले की सुट्टे कमी पडले म्हणता येतं. म्हणून त्याने बरोबर माझ्याकडे दोन-दोन असलेली सहा निवडली होती, ज्यांच्यासाठी मी रडणार नाही अशी. हाताला लागली ती दिली म्हणे. दर रविवारी ब्रश फिरवून त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं की कुठला खळगा कुणाचा.

मला हसू आलं आणि त्याच्यामागोमाग संतापही. मी गुरुजींना म्हटलं, हा कुठला न्याय? नवस यांचा आणि नाणं माझं? स्वतःचा मोबाइल वाहायचा होता, स्वतःची व्हर्निअर वाहायची होती. यांना काय तोशीस पडली?

गुरुजी म्हणाले, मीही हेच विचारलं होतं यजमानांना, की नवसाला आपली आवडती वस्तू द्यायची असते, बायकोची नाही. "तर म्हणाले, 'गुरुजी, माझं आवडतं तर आत टेबलावर झोपवलेलं. ते कसं बोलू? तेच तर परत मागत होतो. म्हणून तिचं आवडतं बोललो.'"

खाली टँकर आला असावा, जिन्यातून हंड्यांचे आवाज येत होते. मला एवढंच आठवत होतं की टेबलावरच गेले असते तर बरं झालं असतं, हे मी याच माणसाला म्हणाले होते. आणि त्यावर त्याने टीव्ही बंद केला होता.

गुरुजींनी वाटी माझ्यासमोर आणून ठेवली. म्हणाले, न्यायचं तर न्या, वस्तू तुमची आहे आणि तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं. मी नाही म्हणणार नाही. फक्त यजमानांना कळू देऊ नका, तो माणूस घाबरेल.

मी ते हातात घेतलं. क्रुसाच्या खाचांमध्ये हळद बसली होती, त्यामुळे तो कधी नव्हे इतका स्पष्ट दिसत होता. मला ते हवं होतं. इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही, मला ते फार हवं होतं. नवसाने गाठी बऱ्या होतात असं मला वाटत नाही. माझी बरी झाली ती सर्जनच्या हातांनी. मी हिशेबही केला. घरी न्यायचं नाही, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचं, महिन्यातून एकदा जाऊन बघायचं, त्याला कशाला कळतंय. मग सहा महिन्यांनी तपासणीला जाऊ, तो बाहेरच्या बाकावर बसेल, आणि आत माझ्या पोटावर यंत्र फिरत असताना मला एकटीलाच माहीत असेल की दिलेलं मी परत आणलंय. माझा विश्वास नाही. पण त्याचा आहे, आणि बाकावर तो बसतो.

मी नाणं वाटीत ठेवलं. गुरुजींना म्हटलं, फक्त एक करा, पुन्हा दह्यात घालू नका. त्यांनी बरं म्हटलं. माझी सहा नाणी त्यांनी मोजून रुमालात बांधून दिली. त्यांच्या बदल्यात मी पर्समधली रुपयांची नाणी त्यांच्या हातावर ठेवली, विड्यांवरची बाकी म्हणून. बरणीवर तेव्हाच कागद चिकटवून मी देशांची नावं लिहून दिली, आणि पुढच्या महिन्यात येऊन उरलेली ओळखून देईन असं कबूल केलं. मलायाचं चौकोनी नाणं त्यांनी मला देऊ केलं. ते मी घेतलं नाही, कारण ते चांगलं होतं आणि त्यांना ते माहीत नव्हतं. खरी किंमत सांगितली, तर गुरुजींनी ते पटकन उचलून चिंधीत गुंडाळलं आणि बनियनच्या आत जानव्याला बांधलं.

घरी पोचले तेव्हा नवरा दारातच उभा होता. देवळातून यायला तीन तास लागले, हे त्याला पटलेलं नव्हतं. मी रुमाल सोडून सहा नाणी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, दिव्याला गेले होते. त्याने नाण्यांकडे बघितलं. मोजायला लागलं नाही त्याला, त्याची नजर सरळ सातवं शोधत रिकाम्या रुमालाकडे गेली.

"आणि वायसर?" त्याने विचारलं.

"ते नाही मिळालं," मी म्हटलं. "गुरुजींकडून कुठे गेलं त्यांनाही आठवत नाही. गेलं आता."

"नक्की गेलं?"

"नक्की."

"वाईट झालं," तो म्हणाला. इतकं खोटं वाईट मी जन्मात ऐकलं नव्हतं. खांदे उतरले, कपाळावरची आठी गेली, आणि हा माणूस मला सांगतोय वाईट झालं. मी त्याला म्हटलं, त्या दिवशी मी बोलले ते बोलायला नको होतं, चुकलं माझं. तो म्हणाला, कुठल्या दिवशी, आणि चपला नीट लावायला वाकला.

मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली. थोड्या वेळाने तेलाची बाटली हॉलमध्ये राहिली म्हणून दारापर्यंत आले आणि थांबले. तो देवघरासमोर उभा होता, माझ्याकडे पाठ करून, हात जोडलेले.

"मिळालं ना तुला?" तो हळू आवाजात देवाला विचारत होता. "मग आता हिला राहू दे."

मी तेलाशिवायच परत फिरले, पोळ्या लाटल्या आणि त्याला जेवायला हाक मारली.